अमेरिकन बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कला मैदानात धक्के बसतात, ते बाकीच्या खेळाडू जळतात म्हणून का?

थोडा जळफळाट असेलही, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. १ जून २०२४ ला शिकागो संघाच्या चेनेडी कार्टरने चेंडू आत यायच्या आधीच क्लार्कला पाडलं. दुसऱ्या दिवशी डब्ल्यूएनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगने, तो फ्लॅग्रंट फाउल (गरज नसताना केलेला धसमुसळेपणा) ठरवला. योग्यच केलं. बाकी नव्या पोरीला कोपर बसतंच, इंदूरात रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कोर्टवरही.

खरी मेख कॅमेऱ्याची, म्हणजे तो कुणावर रोखला जातो त्याची. डब्ल्यूएनबीएत बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. त्याच वर्षी एजा विल्सन एकमताने एमव्हीपी (मोसमातली सर्वोत्तम खेळाडू) झाली, तरी इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर नाव फक्त क्लार्कचं! गोरेपणाचा फायदा मिळतो, हे क्लार्कने स्वतःच मुलाखतीत मान्य केलं. त्यावरूनही बोलणी तिलाच बसली.