फ्लाइंग स्कॉट्समन धावली, धावला की धावलं?

प्रश्न असा आलाय की "फ्लाइंग स्कॉट्समन १०० वर्षांची झाली" असं ब्रिटनच्या रेल्वेतल्या एका गाजलेल्या नावाबद्दलचं वाक्य वाचलं, ते बरोबर का? स्कॉट्समन म्हणजे पुरुष, मग "झाला" नको का?

"झाला" तर नकोच. मराठीत गाड्यांच्या बाबतीत आपण नावाचं लिंग बघतच नाही, वस्तूचं बघतो. सिंहगड किल्ला म्हणून "तो", पण स्टेशनवर माणूस काय म्हणतो, "सिंहगड चुकली". तिथे कोणी व्याकरण काढत नाही, कारण मनात गाडी असते. म्हणजे खरा प्रश्न हा की फ्लाइंग स्कॉट्समन म्हणजे नक्की काय, गाडी की इंजिन. आणि गंमत इथेच आहे, कारण दोन्ही आहेत!

गाडी जुनी. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून आणि तिकडे एडिंबरोवरून सकाळी १० ला सुटणारी एक्सप्रेस, १८६२ पासूनची. लोक तिला आधीपासूनच त्या नावाने ओळखायचे पण अधिकृत नाव मिळालं १९२४ ला. इंजिन नंतरचं, नायजेल ग्रेस्लीच्या डिझाइनचं, फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा त्याला नावच नव्हतं, नुसता १४७२ नंबर. १९२४ ला वेम्बलीच्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं तेव्हा बारसं झालं, आणि कंपनीने आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाडीचंच नाव इंजिनाला देऊन टाकलं (जाहिरात म्हणून झकास, पण आपल्यासारख्यांच्या डोक्याला ताप). त्यामुळे २०२३ ला शंभरी झाली ती इंजिनाची, म्हणून "१०० वर्षांचं झालं". "झाली" लिहिलं की अर्थ गाडी होतो आणि हिशोब चुकतो.

इंग्रजीत इंजिनाला पण "शी" म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे भाषांतर करताना सरसकट "ती" येते आणि फरक पुसला जातो. मराठीत क्रियापदच सांगतं कशाबद्दल बोलतोय, तर ती सोय का सोडायची?

बघा ना, १ मे १९२८ ला लंडन ते एडिंबरो ३९२ मैल कुठेही न थांबता प्रवास झाला, आठ तासांपेक्षा थोडा जास्त वेळ, मधेच ड्रायव्हर-फायरमन बदलता यावेत म्हणून टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यातून एक अरुंद बोळ काढला होता, माणूस वाकून जाईल एवढाच, आणि पाणी रुळांच्या मधल्या चरातून धावता धावता उचलायचं. त्या दिवशी गाडीही फ्लाइंग स्कॉट्समन आणि पुढचं इंजिनही तेच, म्हणून "धावली" आणि "धावलं" दोन्ही बरोबर. पण ३० नोव्हेंबर १९३४ ला ताशी १०० मैल गाठले ते लीड्सहून परतताना टेस्टच्या गाडीला जोडलेलं असताना, म्हणजे तिथे फक्त "धावलं".

सगळ्यात भारी उदाहरण १९६९ चं. इंजिन १९६३ लाच सेवेतून निघालं होतं, ॲलन पेग्लर नावाच्या माणसाने ३,००० पौंडांना विकत घेऊन भंगारातून वाचवलं, मग ६९ ला अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं आणि त्यात त्याचं दिवाळं निघालं, इंजिन तिकडेच अडकलं, शेवटी १९७३ ला विल्यम मॅकअल्पाइनने सोडवून आणलं. या सगळ्या काळात गाडी मात्र डेल्टिक नावाचं डिझेल इंजिन लावून रोज इंग्लंडात धावत होती. म्हणजे ते कॅलिफोर्नियात आणि ती लंडनमध्ये. "फ्लाइंग स्कॉट्समन अमेरिकेत अडकली" लिहिलंत तर काय चित्र उभं राहील सांगा!

मॅलार्ड नावाच्या इंजिनाचा (मॅलार्ड म्हणजे एक जातीचं बदक) असा घोळ नाही. १९३८ ला ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला ते फक्त इंजिन, त्या नावाची गाडी नव्हती, तेव्हा बदक असो की बदकीण, "ते". आता यॉर्कच्या म्युझियममध्ये आहे. आणि कोणी टॉर्नेडोबद्दल विचारेलच, ते वाफेचं इंजिन २००८ ला पूर्ण झालेलं, जुन्या ए-वन वर्गातलं एकही उरलं नाही म्हणून लोकांनी वर्गणी काढून नव्याने बांधलेलं, तेव्हा त्याला "जतन केलेलं" म्हणू नका. त्याचं नाव लढाऊ विमानावरून आहे आणि विमानही "ते"च, म्हणून तिथे भांडायला जागाच नाही.