फलक छापण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

संग्रहालयातील नव्या दालनाच्या मूल्यमापनाचे काम तुमच्याकडे आल्याचे कळले. तुम्ही पाठवलेली प्रश्नावली नेटकी आहे, पण ती दालन खुले झाल्यावर बाहेर पडणाऱ्यांकडून भरून घ्यायची आहे, हे मला खटकते. दारात विचारले की बहुतेक जण 'छान आहे' म्हणतात. त्यात भिडस्तपणा असतो, आणि कोणता फलक बदलावा हे त्यातून कळत नाही.

म्हणून विचारण्याआधी पाहा. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत काचपेट्यांतील वस्तू पाहताना वाकणारा, मान वाकडी करणारा माणूस दिसतो. संग्रहालयात येणारा थकवा बऱ्याच अंशी मांडणीतूनच येतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले. तुम्ही दालनाचा आराखडा हाती घेऊन प्रेक्षक कुठे वळतो, कुठे आणि किती वेळ थांबतो, याच्या खुणा करा. मात्र निरीक्षण चालू असल्याची सूचना प्रवेशद्वाराशी ठळकपणे लावायला विसरू नका. थांबण्याचा काळ म्हणजे समज नव्हे. गोंधळलेला माणूसही बराच वेळ उभा राहतो, त्यामुळे निरीक्षणानंतर काही जणांशी निवांत बोलणे आवश्यकच आहे.

खरा लाभ मात्र कच्च्या नमुन्यांच्या चाचणीत आहे. फलकाचा मजकूर साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापा, नियोजित उंचीवर चिकटवा, आणि एखाद्या प्रेक्षकाला तो वाचून 'यात काय सांगितले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?' असे विचारा. तो अडखळला की समजावून सांगण्याचा मोह आवरा. तो कोणत्या शब्दापाशी अडखळला, तेवढेच टिपून घ्या. चूक त्याची नसून मजकुराची आहे, हे त्याला आरंभीच सांगितले तर तो मोकळेपणाने बोलतो. मोजक्याच लोकांशी बोलल्यावर त्याच त्या अडचणी पुन्हा समोर येऊ लागतात. मग मजकूर बदला आणि नव्या माणसांपुढे ठेवा.

कार्यशाळांचे मूल्यमापन उपस्थितीच्या आकड्यावर सोडू नका. काही आठवड्यांनी सहभागींना पुन्हा गाठून काय लक्षात राहिले, ते विचारा.

फलक छपाईला जाण्याची तारीख आजच निश्चित करून घ्या, आणि चाचणीनंतरच्या बदलांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद मागा. ती मिळण्यात अडचण आली, तर मला लगेच कळवा.

आपला स्नेहांकित