हात उगारणारा खेळाडू आणि लीगची शिक्षा : वाचकांचे प्रश्न

खेळाडूंच्या करारांविषयी मागे लिहिले होते, त्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील तीन पत्रांचा विषय एकच असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि कोणाचीही ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आमच्या भागातील दहा सोसायट्या मिळून दरवर्षी टेनिस चेंडूची क्रिकेट लीग भरवतो. आठ संघ, खेळाडूंचा लिलाव, प्रायोजक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असा तिचा आता पसारा झाला आहे. यंदा ज्या अष्टपैलू खेळाडूला सर्वाधिक बोली लागली, त्याच्याविरुद्ध त्याच्या पत्नीने मारहाणीची तक्रार पोलिसांत दिली आहे. समितीतील तिघे म्हणतात, हा घरचा मामला आहे. दोघांना त्याला कायमचे काढून टाकायचे आहे. संघमालक म्हणतात, गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच आहे. आम्ही काय करावे?
– कार्यवाह, कोथरूड, पुणे

उत्तर : कार्यवाह महोदय, पहिले मत आधी बाजूला ठेवू, कारण कायद्याने ते केव्हाच बाजूला ठेवले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून गुन्हा आहे. पूर्वीचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५वे कलम म्हणून आले आहे. ज्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तो घरचा मामला राहत नाही.

संघमालकांचे म्हणणे मात्र अर्धे बरोबर आहे. माणसाला तुरुंगात पाठवायचे की नाही, हे न्यायालयच ठरवील आणि त्यासाठी आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागेल. पण तुमच्यापुढे तो प्रश्नच नाही. तुमच्या लीगची जर्सी घालून कोणी मैदानात उतरायचे, एवढेच तुम्हांला ठरवायचे आहे. सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ अटकेत राहिला, तर तो निलंबित झाल्याचे मानले जाते. निलंबनाच्या काळात त्याला निर्वाहभत्ता मिळतो आणि निर्दोष ठरल्यास तो कामावर परत येतो. त्या निलंबनाला कोणी शिक्षा म्हणत नाही. खेळाच्या लीगनेही तात्पुरते बाजूला ठेवणे आणि शिक्षा देणे या दोन गोष्टी अशाच वेगळ्या ठेवायला हव्यात. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने २०१९ साली नेमके हेच केले : अकरा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, की खेळाडू पूर्ण मानधनासह आपोआप बाजूला होतो आणि त्यातून त्याच्या दोषाविषयी कोणताही निष्कर्ष काढला जात नाही.

नियम आधी लिहिलेला नसला की काय होते, हे अमेरिकेतील एनएफएल या फुटबॉल लीगने २०१४ साली दाखवून दिले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बाल्टिमोर रेव्हन्स संघाच्या रे राइस याने अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारून बेशुद्ध केले. लिफ्टचे दार उघडल्यावर तो तिला ओढत बाहेर काढतो आहे, हे चित्रण काही दिवसांतच लोकांनी पाहिले होते, तरीही जुलैमध्ये लीगने त्याला केवळ दोन सामन्यांची बंदी दिली. टीका वाढल्यावर ऑगस्टमध्ये आयुक्त रॉजर गुडेल यांनी आपली चूक मान्य केली आणि पहिल्या गुन्ह्याला सहा सामने, दुसऱ्याला कायमची बंदी असे धोरण जाहीर केले. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतील चित्रण बाहेर आले, तेव्हा त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले आणि लीगने बेमुदत बंदी घातली. ही बंदी नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून रद्द केली, कारण ज्या कृत्यासाठी शिक्षा आधीच दिली होती, त्याच कृत्यासाठी ती दुसऱ्यांदा दिली गेली होती. कृत्य तेच, माणूस तोच; शिक्षा मात्र लोक किती संतापले आहेत यावर बदलत गेली.

मला त्या प्रकरणातील आणखी एक गोष्ट अधिक बोचते. शिक्षा ठरवण्यापूर्वी आयुक्तांनी त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले, ते तिला मारणारा त्याच खोलीत बसलेला असताना. आणि त्याआधी, त्या रात्रीच्या प्रकारातील आपल्या वाट्याबद्दल तिला खेद वाटतो, असे संघाने स्वतःच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून जगाला सांगितले होते. मार खाणाऱ्या व्यक्तीकडून खेद वदवून घेणे हे कोणत्याही संस्थेला शोभत नाही.

असे प्रकार दूरदेशीच होतात असे नाही. काही वर्षांपूर्वी एका खेळाडूच्या घरी मी गेले असताना मंडळाचे चौघे कार्यकर्ते सोफ्यावर बसलेले होते आणि ज्या स्त्रीने तक्रार दिली होती, तीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप पट्टी बांधलेली असल्याने ट्रे तिने डाव्या हातावर तोलून धरला होता. चौघांपैकी एक जण अगदी आदराने म्हणाला, “वहिनी, फायनलपर्यंत तरी थांबा.” तिने दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतली आणि फायनल ठरल्या वेळी झाली.

म्हणून आपल्या समितीला माझे पहिले सांगणे असे की, समजूत घालण्यासाठी कोणीही त्या घरी जाऊ नये आणि फोनही करू नये. दुसरे, यंदाच्या हंगामापुरते त्या खेळाडूला लेखी पत्र देऊन बाजूला ठेवावे आणि हा दोषाचा निर्णय नव्हे, हे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. संघमालकांना बदली खेळाडू घेण्याची मुभा द्यावी, म्हणजे त्यांच्या पैशांचा प्रश्न मध्ये येणार नाही. आणि पुढील वर्षाच्या लिलावापूर्वी नियम लिहून प्रत्येक खेळाडूची त्यावर सही घ्यावी. आज नियम लिहून तो मागील महिन्यातील घटनेला शिक्षा म्हणून लावाल, तर तो टिकणार नाही आणि टिकूही नये.

नियम कसा असावा, यासाठी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचे धोरण पाहण्यासारखे आहे. ते ऑगस्ट २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी मिळून ठरवले गेले, हे त्याचे बळ आहे. चौकशी चालू असताना खेळाडूला सात दिवसांपर्यंत सवेतन रजेवर पाठवता येते, शिक्षेसाठी न्यायालयात दोष सिद्ध होण्याची अट नाही आणि आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते. २०२२ साली एका गोलंदाजाला दिलेली ३२४ सामन्यांची बंदी लवादाने १९४ सामन्यांवर आणली. अपिलाची अशी सोय असणे हे कोणी दुबळेपणाचे लक्षण समजू नये. रे राइसला एकाच कृत्यासाठी दुसऱ्यांदा दिलेली शिक्षा रद्द झाली, तीही अशाच अपिलामुळे. आपल्या लीगपुरते बोलायचे, तर समितीबाहेरची तीन माणसे, त्यांत किमान एक स्त्री आणि एक वकील, एवढेही पुरेल.

प्रश्न : चेंडूला सँडपेपर लावला म्हणून एक वर्ष बंदी आणि बायकोला मारले तर दोन सामने, हे कसे? माझ्या मते अशा खेळाडूवर पहिल्याच वेळी आजन्म बंदी घालावी.
– विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : तुझा संताप रास्त आहे. मार्च २०१८ मधील केप टाउन कसोटीनंतर ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना प्रत्येकी बारा महिने आणि कॅमेरॉन बँक्रॉफ्टला नऊ महिने दूर ठेवले. ज्या एनएफएलने राइसला दोन सामने दिले, तिनेच पुढच्या वर्षी चेंडूतील हवा कमी केल्याच्या प्रकरणात टॉम ब्रेडीला चार सामने दिले. याचे कारण उघड आहे. चेंडूशी केलेल्या लबाडीने लीगच्या मालाची किंमत घटते. पत्नीच्या अंगावरच्या वळांनी धावफलकावरचा एक आकडाही हलत नाही.

आपल्याकडेही हेच दिसले. २०१८ साली भारतीय संघातील एका वेगवान गोलंदाजावर त्याच्या पत्नीने हिंसाचाराचे आणि आर्थिक गैरव्यवहाराचेही आरोप केले. त्याने ते फेटाळले. प्रकरण न्यायालयात गेलेले असल्याने मी नाव घेत नाही आणि खरेखोटे करत नाही. मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखला, पण भ्रष्टाचारविरोधी विभागाने चौकशी केली ती फक्त पैशांच्या आरोपाची, आणि त्यात काही आढळले नाही म्हणताच करार बहाल झाला. हिंसाचाराच्या आरोपाचे काय करायचे, याचे मंडळाकडे उत्तरच नव्हते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात स्त्रियांविषयी केलेल्या विधानांसाठी हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून माघारी बोलावण्यात आले आणि नंतर प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले गेले. म्हणजे मनात आणले, तर मंडळ काही दिवसांत हलू शकते.

आजन्म बंदीशी मात्र मी सहमत नाही, निदान पहिल्या वेळी तरी नाही. शिक्षा जितकी प्रचंड, तितके तोंड उघडणे अवघड होते. सासर, माहेर, प्रशिक्षक, संघाचा डॉक्टर असे सगळे जण त्या स्त्रीला एकच सांगू लागतात की, तुझ्या एका शब्दाने त्याचे आयुष्य संपेल. पहिला दोष सिद्ध झाल्यावर एक पूर्ण हंगाम बंदी, समुपदेशन पूर्ण केल्याशिवाय आणि संरक्षण आदेश काटेकोरपणे पाळल्याशिवाय पुनरागमन नाही, आणि दुसऱ्या वेळी दार कायमचे बंद, असे असावे हे माझे मत आहे. सामने मोजण्यापेक्षा हंगाम मोजावा. दोन-चार सामने तर स्नायू दुखावला म्हणूनही चुकतात.

प्रश्न : माझे पती कबड्डी खेळतात. एका संघाशी त्यांचा करार आहे आणि घर त्यावरच चालते. दारू नसतानाही हात उचलतात. तक्रार केली तर करार जाईल, मग मुलाची फी आणि घरभाडे कोण भरणार? सासूबाई म्हणतात, तू स्वतःच्याच ताटात माती कालवशील. नाव छापू नये.
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. आधी एक गोष्ट सांगते : करार गेला, तर तो त्यांनी उचललेल्या हातामुळे जाईल, तुमच्या तक्रारीमुळे नाही. तरी फीची आणि भाड्याची तुमची काळजी अगदी खरी आहे, आणि मोठमोठ्या लीगची धोरणे लिहिणाऱ्यांनी नेमका याच प्रश्नाचा सर्वांत कमी विचार केला आहे. खेळाडूचे मानधन थांबवले की शिक्षा त्याला झाली असे कागदावर दिसते; किराणा मात्र तुमचा थांबतो. निलंबनाच्या काळात निर्वाहभत्ता चालू ठेवावा, तो घरखर्चासाठी पत्नीच्या खात्यात जाईल असे कलम करारातच असावे आणि दंडाची रक्कम लीगच्या तिजोरीत जाऊ नये, असे मी प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाला सांगत आले आहे. अजून फारसे कोणी ऐकलेले नाही.

तोपर्यंत कायद्यात जे आहे, ते तुमच्या हाती असू द्या. २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे म्हणजे पतीला तुरुंगात पाठवणे नव्हे. त्या अर्जातून मारहाणीला मनाई करणारा संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा आदेश आणि तुमच्या व मुलाच्या खर्चासाठी रक्कम मागता येते. ठरलेली रक्कम पतीने दिली नाही, तर विसाव्या कलमानुसार दंडाधिकारी त्यांच्या मालकाला किंवा त्यांचे देणे लागणाऱ्याला, म्हणजे तुमच्या बाबतीत संघाला, ती मानधनातून वळती करून थेट तुम्हांला देण्यास सांगू शकतात. हे कलम फार कमी जणींना ठाऊक असते. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागावा. संरक्षण आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी विनंतीही करता येते, त्यामुळे वर्तमानपत्रांची धास्ती घेऊ नका.

वकिलाच्या फीची चिंता नको. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, तेथून मोफत वकील मिळतो. पोलिसांत तक्रार देण्याआधी नुसते बोलायचे असेल, तर पुणे पोलिसांचा समुपदेशन करणारा भरोसा सेल आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि हात उगारला गेलाच, तर त्या क्षणी विचार करत न बसता ११२ लावा. तक्रार द्यायची की नाही आणि केव्हा, हे तुम्हीच ठरवा. त्यासाठी मी किंवा अन्य कोणी तुम्हांला घाई करणे योग्य नाही.

एक काम मात्र आजच करून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका खेळाडूच्या पत्नीने डॉक्टरांचे कागद मुलाच्या लसीकरणाच्या कार्डात घडी घालून ठेवले होते, कारण घरात ते कार्ड दुसरे कोणी उघडत नसे. तीन वेगवेगळ्या तारखांचे ते तीन कागदच पुढे उपयोगी पडले. तुम्हीही तसेच करा आणि त्यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे द्या. त्याबरोबर पतीच्या करारपत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो भावाला किंवा बहिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. अर्जात संघाचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि मानधनाची रक्कम लिहावी लागेल, ती तेथूनच घ्यायची आहे.