पक्का केलेला पत्ता का पळतो?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील उबंटू कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि बिलांचे फोल्डर शेअर केले आहेत. ‘आयपी’ कमांड देऊन त्याला १९२.१६८.१.५० हा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) दिला, ‘इंटरफेसेस’ फाइलमध्येही लिहिला. तरी लाइट जाऊन आली की तो १९२.१६८.१.१०७ होतो आणि बाकीच्या मशिनवर फोल्डर उघडत नाहीत.
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : कमांडने दिलेला पत्ता मशिन बंद होईपर्यंतच टिकतो. आणि उबंटूच्या १७.१० आवृत्तीपासून नेटवर्कचा कारभार नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या नव्या व्यवस्थेकडे गेल्यामुळे नव्याने बसवलेल्या उबंटूत ‘इंटरफेसेस’ फाइल कोणी वाचतच नाही. जुने लेख मात्र अजून तीच फाइल उघडायला सांगतात.

आधी टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ द्या. पत्त्याच्या ओळीत ‘डायनॅमिक’ दिसले तर तो राउटरने दिलेला आहे. हाताने दिलेल्या पत्त्याखाली मुदतीच्या जागी ‘फॉरेव्हर’ असते.

डेस्कटॉप उबंटू असेल तर फाइलींच्या नादी लागूच नका. सेटिंग्ज, नेटवर्क, वायर्डसमोरचे चक्र, आयपीव्ही४, मॅन्युअल असे जा. पत्ता, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे बाहेर जायची वाट म्हणून राउटरचा पत्ता आणि डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, भरा. ‘अप्लाय’ केल्यावर ते कनेक्शन एकदा बंद करून चालू करा. हे राहिले की जुनाच पत्ता दिसत राहतो आणि माणूस पुन्हा सेटिंग्ज उपसत बसतो.

सर्व्हर आवृत्ती असेल तर ‘ईटीसी’मधील ‘नेटप्लॅन’ फोल्डरात किती फाइली आहेत ते पाहा. खरी मेख इथे असते. सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने वाचून एकत्र केल्या जातात. नंतरच्या फाइलमधला साधा पर्याय आधीच्यावर मात करतो, पण पत्त्यांच्या याद्या एकमेकींना जोडल्या जातात. म्हणजे नावाच्या सुरुवातीला ५० असलेल्या फाइलमध्ये डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय) चालू असेल आणि तुम्ही ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये नुसता पत्ता लिहिलात, तर मशिनला दोन्ही पत्ते मिळतात. नव्या फाइलमध्ये ‘डीएचसीपी४’समोर ‘फॉल्स’ लिहा. जुन्या फाइलमध्ये एखादा पक्का पत्ता असेल तर तो तिथूनच काढा. ५० ने सुरू होणाऱ्या फाइलच्या नावात ‘क्लाउड-इनिट’ (सर्व्हर सुरू होताना त्याची मांडणी आपोआप करणारा प्रोग्राम) असेल तर ती पुन्हा लिहिली जाऊ शकते, म्हणून क्लाउड-इनिटच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा भाग ‘डिसेबल्ड’ करून ठेवा.

लिहिताना टॅब चालत नाही, समास स्पेसनेच सोडायचा. पत्त्यामागे /२४ हवेच, नाहीतर फाइल स्वीकारली जात नाही. ‘गेटवे४’ आता जुने झाले. त्याऐवजी ‘राउट्स’खाली ‘डीफॉल्ट’ आणि राउटरचा पत्ता द्या.

मग ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’. १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर बदल आपोआप मागे घेतला जातो. दुसऱ्या मशिनवरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या टर्मिनलने, पत्ता बदलणाऱ्यांची इथेच फसगत होते: पत्ता बदलताच जोडणी तुटते, एंटर दाबायला टर्मिनल हातात उरत नाही आणि दोन मिनिटांत जुना पत्ता हजर. हे काम त्या मशिनच्याच कीबोर्डवर करा.

प्रश्न : पत्ता पक्का आहे, ‘आयपी ए’ तोच दाखवते. तरी क्लासच्या वेळेत जोडणी मधूनमधून तुटते. रात्री काही त्रास नसतो.
– राजारामपुरी

उत्तर : मुलांचे मोबाइल वायफायला लागले की राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन टाकत असावा. एकाच सात-बारावर दोन मालक! ‘एआरपिंग’ ही कमांड एखादा पत्ता नेटवर्कवर कोणाकडे आहे ते विचारते. तिला ‘-डी’ (कॅपिटल) पर्याय, नेटवर्क पोर्टचे नाव आणि तुमचा पत्ता द्या. उत्तर आले तर तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे आणि उत्तरातच त्या उपकरणाचा मॅक क्रमांक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मिळतो. राउटरमध्ये डीएचसीपीची हद्द १०० ते १९९ अशी आवळा आणि मशिनला त्याबाहेरचा पत्ता द्या.

प्रश्न : पत्ता बदलल्यापासून ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग लागतो (तिकडून उत्तर येते), पण एकही वेबसाइट उघडत नाही. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ दुरुस्त केली तरी ती पूर्ववत होते.
– लक्ष्मीपुरी

उत्तर : ती फाइल नावांवरून पत्ते शोधणारी उबंटूची सेवा, सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड, सांभाळते, म्हणून तुमचे लिखाण पुसले जाते. तिच्यातला १२७.०.०.५३ हा पत्ता बरोबर आहे, राहू द्या. डीएचसीपी बंद केल्यावर राउटरकडून येणारा डीएनएसही बंद झाला. तो नेटप्लॅनमध्ये ‘नेमसर्व्हर्स’खाली लिहा आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने पोहोचला का ते तपासा.