वाचकांचे प्रश्न : पर्ल वाचताना दमछाक का होते?

प्रश्न : जुन्या पर्ल स्क्रिप्ट्स सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे. $, @, % यांच्या गर्दीत काही उलगडत नाही. एकाच ॲरेच्या (घटकांच्या यादीच्या) आधी कधी @, कधी $ का? दोष भाषेचा की लिहिणाऱ्यांचा? सगळं पायथॉनमध्ये नव्यानं लिहावं का?

उत्तर : दोष दोघांचाही, पण चिन्हांना उगाच जास्त शिव्या बसतात. पर्ल 5 मध्ये चिन्ह सांगतं ते हाती काय येणार एवढंच. @यादी म्हणजे अख्खा ॲरे. त्यातला एकच घटक हवा म्हणून $यादी[0]. चौकोनी कंस असेल तर ॲरे, महिरपी असेल तर हॅश, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या. वैताग असा, की $यादी, @यादी आणि %यादी ही तीन स्वतंत्र व्हेरिएबल्स एकाच फाइलमध्ये नांदू शकतात आणि $यादी[0] चा $यादीशी काडीचा संबंध नसतो. हे डिझाइनचंच चुकलं. पर्लच्याच घरातल्या राकू भाषेत सरळ @यादी[0] लिहितात.

खरी मेख आहे ती संदर्भाची, म्हणजे त्या जागी एकच किंमत मागितली आहे की अख्खी यादी याची. $क = @यादी; लिहिलं तर $क मध्ये घटकांची संख्या येते. ($क) = @यादी; लिहिलं तर पहिला घटक. फरक एका कंसाच्या जोडीचा, आणि एरर नाही की वॉर्निंग नाही! तसंच प्रिंटपुढे रिव्हर्स "123" लिहिलं तर 123 च छापलं जातं, कारण प्रिंट यादी मागतो आणि एका घटकाची यादी उलटली तरी तीच राहते. मध्ये स्केलर (एकच किंमत मागणारा शब्द) घाला, 321 मिळेल. कोड वाचताना डाव्या बाजूला काय मागितलंय ते आधी बघायचं, मग उजवीकडे वळायचं.

नव्यानं लिहायची घाई नको. आधी खऱ्या इनपुटवरचं सध्याचं आउटपुट जपून ठेवा. प्रत्येक बदलानंतर त्याच्याशी ताडून बघा. मग फाइलमागून फाइल वॉर्निंग्ज चालू करा. त्यानं स्क्रिप्ट सहसा थांबत नाही, फक्त कुरकुरते. ती कुरकुर निस्तरल्यावरच स्ट्रिक्ट (पर्लचे कडक नियम) लावा. तेव्हा घोषित न केलेली व्हेरिएबल्स एरर देतील. सगळीकडे डोळे मिटून 'माय' (व्हेरिएबल तेवढ्याच भागापुरतं घोषित करणारा शब्द) लावू नका : जे व्हेरिएबल दुसरी फाइलही वापरते, ते त्यामुळे गुपचूप तुटतं. तिथे इतर फाइलींनाही दिसेल असं घोषित करणारं 'अवर' हवं. ओळ कुठे संपते ते ठरवणाऱ्या $/ ला कुठे अनडेफ (किंमतच नसलेलं) केलंय तेही शोधा. तिथे बदल तेवढ्यापुरता ठेवणारं 'लोकल' नसेल तर पुढची प्रत्येक फाइल ओळीओळीनं न येता एका घासात येते.

प्रश्न : लांबलचक रेजेक्स (मजकुरात जुळवायचे नमुने) वाचनीय कसे करावेत?

उत्तर : शेवटी एक्स फ्लॅग, म्हणजे x हे अक्षर, लावा, म्हणजे तुकडे वेगवेगळ्या ओळींवर टाकून # नंतर टिपण लिहिता येतं. मात्र जुळवायची खरी स्पेस आता दुर्लक्षित होते. तिच्या आधी बॅकस्लॅश द्या. रेजेक्स / नं बंद होत असेल तर टिपणात / लिहू नका, पर्ल तिथेच रेजेक्स संपली असं धरतो.