यूकेजीतली मुलगी साईट वर्ड्स (म्हणजे बघताक्षणी ओळखायचे नेहमीचे इंग्लिश शब्द) रोज गिरवते, पण वाचायला सांगितलं की येत नाही. काय करू?

गिरवणं बंद करू नका, पानं कमी करा. आणि तोंड बंद ठेवून गिरवत असेल तर हाताला वळण लागतंय तेवढंच, वाचायला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तुम्ही लिहिलंय की रोज दोन पानं टिंबांवरून गिरवते, अक्षर पण चांगलं येतं, पण तोच शब्द पुस्तकात आला की गप्प. मी बेळगावच्या वडगावात घरी यूकेजी-पहिलीच्या पोरांची ट्यूशन घेते, हे बऱ्याच पोरांचं बघते. ठिपक्यांची रांगोळी काढल्यासारखं चाललेलं असतं, ठिपका जोडायचा पुढं सरकायचं. काही हुशार पोरं तर आधी सगळ्या ओळीतले उभे दांडे मारून घेतात, मग सगळे गोल, मग उरलेलं काय ते. ओळ भरली, टिकमार्क मिळाला, शब्द कुठं वाचला त्यानं?

दुसरं म्हणजे आपल्या घरात गिरवायची सवय मराठीची. क गिरवताना क म्हटलं की काम झालं. इंग्लिशमध्ये पोरगं म्हणतंय टी, एच, ई, आणि वाचायचं असतं द. स्पेलिंग पाठ होतं, समोर शब्द आला की तोंडातून येत नाही. म्हणून गिरवताना अक्षरांची नावं नकोत, आख्खा शब्द म्हणायला लावा, हात जितका सावकाश चालेल तितका सावकाश.

मी असं करते. पाटीवर नाहीतर सरळ फरशीवर खडूनं शब्द वीतभर मोठा लिहायचा. पोरानं त्यावरून बोट फिरवायचं, पेन्सिल नाही, आणि फिरवता फिरवता शब्द म्हणायचा. दोनतीन वेळा झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं आणि न बघता लिही म्हणायचं. चुकलं तर एक अक्षर खोडून दुरुस्त करत बसू नका, आख्खा शब्द परत दाखवा, परत बोट. ही काय माझी आयडिया नाही, ग्रेस फर्नाल्ड म्हणून अमेरिकेत एक बाई होत्या, वाचायला अडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ही पद्धत वापरली, 1943 च्या त्यांच्या पुस्तकात आहे. त्यातली खरी गंमत शेवटच्या पायरीत आहे, न बघता लिहिण्यात. टिंबं कायम समोर राहिली तर आठवायची गरजच पडत नाही, मग आठवेल कसं.

आता शब्द कुठले. शाळेतून जी यादी येते ती बहुतेक डॉल्च यादीतूनच घेतलेली असते. एडवर्ड डॉल्चनं 1936 मध्ये मुलांच्या पुस्तकांत सारखे येणारे 220 शब्द काढले, त्यातले पहिल्या पायरीचे 40. म्हणजे डोंगर नाही. त्यातही कॅन, बिग, रन, इट असले शब्द आवाज जोडून वाचता येतात, ते पाठ करायला लावू नका, उगीच ओझं. अडचण द, सेड, वॉज, वन, कम असल्यांची. पण तिथंही सगळा शब्द वाकडा नसतो. सेड घ्या, पहिला एस आणि शेवटचा डी ऐकू येतो तसाच आहे, भानगड मधल्या ए-आयची. तेवढाच तुकडा लाल खडूनं काढा, बाकी पांढऱ्यानं. आठवड्याला तीनचार शब्द पुरे, आणि वॉज-सॉ किंवा ऑन-नो असली, अक्षरं उलटी लावली की दुसरा शब्द होणारी जोडी एकाच दिवशी नको.

एक गोष्ट मात्र करूच नका. खूप आया शब्दाखाली बारीक अक्षरात मराठीत उच्चार लिहून देतात. थोडं मराठी वाचता येणारं पोरगं तेवढंच वाचतं, वरचा इंग्लिश शब्द बघतसुद्धा नाही.

आपल्याकडं घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, बसची पाटी पण कन्नडच, त्यामुळं इंग्लिश पोरांच्या कानावर पडतंच कुठं. नुसता द म्हणजे त्यांना काहीच कळत नाही. द कप, द बॉल असं वस्तू हातात देऊन बोला, आणि मग तेच लिहा. घरात इंग्लिश पेपर येत असेल तर एक परिच्छेद द्या आणि सगळ्या 'द' ला गोल करायला सांगा, पोरं खूश होतात. फक्त हेडिंग देऊ नका, हेडिंगमध्ये 'द' गाळतात, खालचा मजकूर द्या.

शाळेचं पान तर भरावंच लागणार, त्याला इलाज नाही. पहिली ओळ तुम्ही शेजारी बसून बोलत बोलत करून घ्या, उरलेलं संध्याकाळी तिचं ती भरू दे, आणि पान संपलं की उलटं करून मागं एकदा न बघता लिहायला लावा. सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर ताणू नका, पुढं पहिलीला कन्नड लिपी पण येणारच आहे तिच्या वाट्याला. बी आणि डी उलटे काढते म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, या वयात होतं ते. दुसरी सुरू झाली तरी तसंच राहिलं आणि वाचनही अडतच असेल, तर मात्र बाईंशी बोलून एकदा तपासून घ्या.