जवस, सुतार आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग

प्रश्न असा आला आहे: ‘लिनिअर प्रोग्रॅमिंगला मराठीत रेषीय आज्ञावली म्हटलेले चालेल का? आणि सिम्प्लेक्स मेथडला सोपी पद्धत म्हणावे का?’

नाही आणि नाही. लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे हाताशी असलेल्या मोजक्या साधनांतून जास्तीत जास्त फायदा किंवा कमीत कमी खर्च कसा साधायचा याचे गणित, आणि सिम्प्लेक्स ही ते सोडवायची एक पद्धत.

पण ‘रेषीय आज्ञावली’ हल्ली इतकी कानावर पडते की एवढ्यावर थांबवत नाही. शिकवणीवाले म्हणतात, भाषणांत येते, आणि मग पोरे विचारतात, ‘सर, हे कुठल्या लँग्वेजमध्ये लिहायचे?’ कुठल्याच नाही. कागद, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसले तरी चालते. प्रोग्रॅम शब्द दिसला की डोळे मिटून ‘आज्ञावली’ लिहिणाऱ्यांनी एकदा आपल्याच घरातले मराठी ऐकावे. ‘उद्याचा काय प्रोग्रॅम?’ असे आजी विचारते तेव्हा ती संगणकाच्या आज्ञा मागत नसते. कोण कुठे जाणार, किती वाजता, जेवायला कितीजण, हे तिला हवे असते. लिनिअर प्रोग्रॅमिंगमधला प्रोग्रॅम हा आजीचा प्रोग्रॅम आहे.

हे मी गमतीने म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्ज डँट्झिग पेंटॅगॉनमध्ये अमेरिकी हवाई दलाचा गणिती सल्लागार होता. कुणाला कधी प्रशिक्षण द्यायचे, रसद कुठून कुठे न्यायची, तुकड्या कुठे ठेवायच्या, या सगळ्या आखणीला लष्करी बोलीत ‘प्रोग्रॅम’ म्हणत. ही आखणी यंत्रवत करता येईल का, असे सहकाऱ्यांनी त्याला डिवचले आणि १९४७ मध्ये त्यातून सिम्प्लेक्स पद्धत निघाली. हवाई दलाच्या त्या प्रकल्पाच्या नावातच ‘ऑप्टिमम प्रोग्रॅम्स’ होते. अर्थ ‘उत्तमोत्तम आखण्या’. डँट्झिगच्या पहिल्या लेखाचे शीर्षक मात्र लांबलचक, ‘प्रोग्रॅमिंग इन अ लिनिअर स्ट्रक्चर’. १९४८ च्या उन्हाळ्यात सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना त्याचा अर्थशास्त्रज्ञ मित्र त्यालिंग कूपमन्स म्हणाला, हे छाटून नुसते ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ म्हण की. छाटले, आणि आपला घोटाळा तिथे सुरू झाला.

इथे माझे खुद्द डँट्झिगशीही भांडण आहे. त्याने पुढे लिहून ठेवले की ‘प्रोग्रॅम’ हा शब्द आमच्याकडे आधीपासून होता, संगणकाच्या सूचनांना तेव्हा ‘कोड’ म्हणत, संगणकवाले फार नंतर आले. ‘फार नंतर’ हे काही पटत नाही. एनियॅक हा सुरुवातीचा अमेरिकी संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत लोकांसमोर आले तेव्हा त्याच्या एका भागाचे नावच ‘मास्टर प्रोग्रॅमर’ होते. तेव्हा कुणी कुणाचा शब्द उचलला नाही. ‘आधी लिहून ठेवलेली आखणी’ या एकाच खोडाच्या त्या दोन फांद्या. ग्रीकमध्ये प्रोग्रामा म्हणजे लोकांपुढे लिहून लावलेली सूचना, चावडीवरची नोटीस म्हणा. आज्ञावली ही त्यातली एक फांदी, आणि आपला प्रश्न दुसऱ्या फांदीचा आहे.

म्हणून माझे उत्तर ‘रेषीय नियोजन’. नियोजन म्हटले की सरकारी वास येतो अशी कुरकुर होईल. येऊ दे. या विषयाचे दुसरे मूळ लेनिनग्राडमध्ये आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविचने प्लायवूड कारखान्याच्या यंत्रांवर कुठले काम किती लावायचे हा प्रश्न याच गणिताने सोडवला होता, आणि तो देश तर नियोजनावरच चालत होता. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कांतोरोविच आणि कूपमन्स यांना मिळाले, डँट्झिगला नाही. शिवाय नियोजनात ‘युज्’ धातू आहे, म्हणजे जुंपणे. बैलांच्या मानेवरचे जू त्यातलेच. हाताशी असलेले बैल कुठल्या औताला जुंपायचे, हाच या गणिताचा प्रश्न.

आता ‘रेषीय’. हा शब्द शाळेतल्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणां’मुळे रुळलेला आहे, त्यावर वाद नको. अर्थ एवढाच की प्रत्येक चलाचा घात एक, चलांचा आपसांत गुणाकार नाही, दुप्पट माल तर दुप्पट खर्च. ज्यांना हे पाहायचेच आहे त्यांच्यासाठी एक सुतार घेऊ (सुतारच का, ते पुढे). त्याच्याकडे ४० फळ्या आहेत आणि कामाचे ४८ तास. टेबलाला ४ फळ्या, ४ तास, नफा ७०० रुपये. खुर्चीला २ फळ्या, ३ तास, नफा ४०० रुपये. टेबले क्ष आणि खुर्च्या य धरल्या तर ४क्ष + २य हे ४० च्या वर जाता कामा नये, ४क्ष + ३य हे ४८ च्या वर जाता कामा नये, आणि दोन्ही संख्या ऋण नकोत. या अटी आलेखावर काढल्या की एक चौकोन उरतो. त्याच्या आत आणि कडेवर जे जे आहे ते सगळे सुताराला शक्य. सगळ्यात जास्त नफा कुठे? रेषीयपणाची मेहेरबानी अशी की आत शोधायची गरजच नाही, उत्तर कोपऱ्यावर सापडते. नुसती टेबले केली तर १० होतात आणि ७,००० मिळतात. नुसत्या खुर्च्या १६, मिळतात ६,४००. तिसरा कोपरा ६ टेबले आणि ८ खुर्च्यांचा, तिथे ७,४००. चौथा कोपरा काहीच न करण्याचा. संपले.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. ‘लिनिअर’ आला ‘लाइन’वरून हे कुणीही सांगेल. पण लॅटिन ‘लिनेआ’ म्हणजे मुळात रेघ नव्हे, दोरा. ‘लिनुम’चा दोरा. आणि लिनुम म्हणजे? जवस! वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव आजही लिनुम उसिटाटिसिमुम असेच आहे. त्याच्या खोडाच्या धाग्याचे कापड ते लिनन, कोटाच्या आतले अस्तर ते लायनिंग, आणि ताणून धरलेला धागा ती लाइन. विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणारा माणूस लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या मुळाशीच बसलेला असतो.

सरळ रेघ आखायची जुनी युक्ती कोणती? रंगात भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा आणि मध्ये उचलून सोडायचा. हे कोण करतो? सुतार. सुतार हा शब्दच संस्कृत ‘सूत्रधार’चा झिजलेला अवतार आहे. लॅटिनवाल्याने दोऱ्यावरून रेघेला नाव दिले, आपण दोऱ्यावरून कारागिराला दिले. अजूनही सुतार-गवंडी इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. मी सुतावरून स्वर्ग गाठतो असा आरोप होणार हे ठाऊक आहे. या बाबतीत तो मला मान्य आहे.

मग नाटकातला सूत्रधार कुठून आला? रिखार्ड पिशेल या जर्मन पंडिताने सांगितले की तो बाहुल्यांचे दोरे ओढणारा, म्हणजे आपले नाटक कळसूत्री बाहुल्यांतून निघाले. आपल्याकडे हे अजून वेदवाक्यासारखे उगाळले जाते. मला ते अजिबात मान्य नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडून पाहा. नाट्यगृहाची जागा दोरीने मोजायची आहे, आणि दोरी अर्ध्यावर तुटली तर धन्याचा मृत्यू, तिसऱ्या भागाशी तुटली तर राज्यात क्षोभ, चौथ्या भागाशी तुटली तर प्रयोग करणाऱ्याचाच नाश! इतकी धास्ती ज्या दोरीची, तिला धरणाऱ्यासाठी बाहुल्या कशाला हव्यात? रंगभूमीचा सूत्रधार हा आखणी करणारा आहे, सुताराचा सख्खा भाऊ.

‘रेषा’ची गोष्ट निराळी. रेखा ही ‘रिख्/लिख्’ यातून, म्हणजे ओरखडणे. ऋग्वेदात सहाव्या मंडलात पूषन् देवाला ‘आ रिख’ अशी विनवणी आहे. पणींची, त्या कंजूष लोकांची, हृदये ओरबाडून काढ म्हणून. तो ओरखडा सभ्य होत होत रेघ झाला. रेखाची रेघ होणे सरळ आहे, पण मग आपल्याकडे ‘रेषा’ हा ष कुठून शिरला? माझे मत असे की हा लेखनिकांचा प्रताप आहे. उत्तरेकडच्या पोथ्यांत ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहायची सर्रास पद्धत होती, कारण ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जायचा. वाचायचे ‘ख’च. कुणीतरी ‘रेषा’ लिहिलेले पाहून ते प्रामाणिकपणे ‘रेषा’ वाचले आणि आपण ते भूमितीत नेऊन बसवले. व्याकरणवाले नाक मुरडतील. मुरडोत. त्यांनी या ‘ष’ची याहून बरी उपपत्ती द्यावी, मग बोलू.

राहिले सिम्प्लेक्स. ‘सोपी पद्धत’ कुणी सुचवली असेल त्याने ती एकदा हाताने करून बघावी. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने एक आहाराचा प्रश्न मांडला होता: ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषकतत्त्वे, वर्षभर माणूस जगवायचा तर कमीत कमी खर्च किती? त्याने अंदाजपंचे, पण हुशारीने, १९३९ च्या भावाने ३९.९३ डॉलर काढले. १९४७ मध्ये जॅक लेडरमनच्या देखरेखीखाली तोच प्रश्न हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर सिम्प्लेक्सने सोडवला. माणसी १२० दिवसांचे काम झाले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. चोवीस सेंट वाचले! सोपी म्हणे.

सिम्प्लेक्स म्हणजे ‘एकपदरी’. लॅटिनमध्ये ‘सिम’ म्हणजे एक (संस्कृत ‘सकृत्’, म्हणजे ‘एकदा’, त्यातला ‘स’ त्याचाच भाऊ) आणि ‘प्लेक्स’ म्हणजे घडी, पदर. डुप्लेक्स दुपदरी. भूमितीत त्या त्या मितीतल्या सगळ्यात साध्या ठोकळ्याला सिम्प्लेक्स म्हणतात: सपाटीवर त्रिकोण, तीन मितींत चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा ठोकळा. हे नाव पद्धतीला डँट्झिगने नव्हे, मॉट्झकिन या गणितज्ञाने सुचवले. पद्धत करते इतकेच की एका कोपऱ्यावरून शेजारच्या, नफा वाढवणाऱ्या कोपऱ्यावर सरकते आणि वाढ थांबली की थांबते. आपल्या सुताराच्या चौकोनात दोन पावलांत काम होते. क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी १९७२ मध्ये असे आडमुठे आकार रचून दाखवले की तिला यच्चयावत सगळे कोपरे हिंडावे लागतात. मराठीत नाव ‘सिम्प्लेक्स’च ठेवा. फारच हौस असेल तर ‘एकपदरी’ म्हणा, पण वर्गात हशा झाला तर माझ्याकडे येऊ नका.

ओघात करमरकरांचेही. ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग एका मराठी माणसाने शोधले’ असा निरोप दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरचे, आयआयटी मुंबईत शिकलेले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्याने न हिंडता आकाराच्या पोटातून वाट काढणारी पद्धत दिली. ती चालते आणि मोठ्या प्रश्नांवर जोरात चालते. एवढे खरे असताना विषयच त्यांच्या नावावर चढवायची गरज काय?

‘कन्स्ट्रेंट’ला काय म्हणावे हे कुणी विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण हिंदीतल्या एनसीईआरटीच्या पुस्तकातला ‘व्यवरोध’ आपल्याकडे येऊ पाहतो आहे. त्याच पुस्तकात विषयाचे नाव ‘रैखिक प्रोग्रामन’ आहे, म्हणजे ग्रीक धडाला संस्कृत शेपूट. आपल्याकडे ‘अट’ आहे, दोन अक्षरी, धट्टीकट्टी. फळ्यांची अट, तासांची अट. आणि या अटींचीही किंमत निघते. सुताराला आणखी एक फळी मिळाली तर त्याचा नफा १२५ रुपयांनी वाढतो, आणखी एक तास मिळाला तर ५० रुपयांनी. ४० फळ्या गुणिले १२५ अधिक ४८ तास गुणिले ५०, बेरीज पुन्हा ७,४००. अटींची किंमत काढायचा, मूळ प्रश्नाच्या पाठीला चिकटलेला हा दुसरा प्रश्न, त्याला ‘ड्युअल’ म्हणतात. मग मूळ प्रश्नाला काय म्हणायचे, हे डँट्झिगला सुचेना. ‘प्रायमल’ हा शब्द त्याला वडिलांनी दिला, टोबायस डँट्झिग यांनी. तेही गणितीच. मराठीत ‘मूळ’ आणि ‘जोड’ म्हणा: मूळप्रश्न, जोडप्रश्न. ‘द्वैती’ नको, शंकराचार्य मध्ये येतात.

‘ऑप्टिमम’चे भाषांतर ‘जास्तीत जास्त’ करणाऱ्यांना स्टिगलरच्या ७७ पदार्थांचे जास्तीत जास्त बिल पाठवून द्यावे.